अमेरिकेतलं एक वर्ष: विद्यापीठाचं नाव सगळ्यात शेवटी ठरवा

दर डिसेंबरात दुसऱ्या वर्षाची दोन-चार मुलं माझ्या टेबलापुढे येऊन उभी राहतात. हातात कागद, कागदावर पाच अमेरिकन विद्यापीठांची नावं, नावांपुढे जागतिक क्रमांक. "मॅडम, यातलं कुठलं टाकू?" कॉलेजातलं एक्सचेंजचं काम माझ्याकडे आल्यापासून हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की आता मी तो कागद उलटा करते आणि कोऱ्या बाजूवर लिहायला सांगते: परत येताना कोणते विषय पास होऊन यायचंय? पेन तिथेच अडतं.

पूर्ण पदवीसाठी जाणाऱ्याचं गणित वेगळं असतं. त्याच्या पदवीवर त्या विद्यापीठाचं नाव छापलं जातं, ते आयुष्यभर सोबत राहतं. वर्षभरासाठी जाणाऱ्याची पदवी मात्र इथलीच. तिकडचं नाव येतं ते ट्रान्स्क्रिप्टच्या (गुणपत्रकाच्या) एका पानावर, आणि त्या पानावर काय विषय आहेत, ते इथल्या परीक्षा विभागाने धरले की नाही, यावर सगळा खेळ. म्हणून खालच्या पायऱ्या मी मुद्दाम उलट्या क्रमाने लावल्या आहेत. नाव शेवटी येतं.

पहिलं काम: कुठल्या दारातून जायचं

अमेरिकेत वर्षभर शिकायला जायची दारं मुख्यतः तीन. एक, एक्सचेंज. तुमच्या कॉलेजचा किंवा विद्यापीठाचा तिकडच्या विद्यापीठाशी करार असतो. फी तुम्ही इथेच भरता, तिकडची ट्युशन, म्हणजे शिक्षणशुल्क, माफ. दोन, व्हिजिटिंग विद्यार्थी. करार-बिरार काही नाही. तुम्ही स्वतः अर्ज करता, पदवीसाठी नाव न नोंदवता एक-दोन सत्रं शिकता आणि तिकडची पूर्ण ट्युशन भरता. तीन, ट्विनिंग किंवा संयुक्त पदवी, म्हणजे दोन विद्यापीठांनी मिळून आखलेला, काही भाग इथे आणि काही तिकडे शिकायचा अभ्यासक्रम. यासाठी यूजीसीचे २०२२ चे नियम आहेत. ट्विनिंगमध्ये परदेशात मिळवलेली क्रेडिट्स (प्रत्येक विषयाचं वजन मोजायची एककं) एकूण क्रेडिट्सच्या ३० टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाहीत.

पहिल्या आणि दुसऱ्या दारात पैशांचा फरक डोळे पांढरे करणारा आहे. अमेरिकेतल्या मोठ्या सरकारी विद्यापीठांत परराज्यातल्या आणि परदेशी विद्यार्थ्याची ट्युशन वर्षाला साधारण ३० ते ६० हजार डॉलरच्या घरात असते. एक्सचेंजमध्ये हा आकडा शून्य होतो. तेव्हा करार असेल तर आधी त्या यादीतच शोधा, ती कितीही छोटी आणि अनोळखी वाटली तरी. आंतरराष्ट्रीय संबंध कक्षात जाऊन करारांची यादी मागा आणि प्रत्येकापुढे तीन गोष्टी विचारा: करार आजही चालू आहे का, ट्युशन खरोखर माफ आहे का, आणि गेल्या दोन वर्षांत कुणी गेलं होतं का. समारंभात सह्या होऊन, फोटो निघून, पुढे एकही मूल न गेलेले करार पुष्कळ असतात. गेलेल्या विद्यार्थ्याचा फोन नंबर मिळाला तर तो कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा मोलाचा.

शिष्यवृत्त्यांबद्दल एक गैरसमज दूर करते. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसारख्या राज्य सरकारच्या योजना परदेशात पूर्ण पदव्युत्तर पदवी किंवा पीएचडी करणाऱ्यांसाठी आहेत. बी.ए. किंवा बी.टेक. च्या मधल्या एका वर्षासाठी त्यांच्या भरवशावर बसू नका. आणि एजंटाकडे जाणार असाल तर लक्षात ठेवा, त्याची कमाई पदवी-प्रवेशावर असते. एक्सचेंजमध्ये त्याला काही सुटत नाही, त्यामुळे तो तुम्हाला हळूच दुसरीकडे वळवणार. फुकट आणि निःपक्ष सल्ला हवा असेल तर एज्युकेशन-यूएसए हे अमेरिकी परराष्ट्र खात्याचं जाळं आहे. मुंबईत ते यूएसआयईएफ या भारत-अमेरिका शैक्षणिक संस्थेच्या कार्यालयातून चालतं.

दुसरं: कुठल्या वर्षी जायचं, आणि तिकडचं वर्ष केव्हा सुरू होतं

चार वर्षांच्या अभ्यासक्रमात तिसरं वर्ष सगळ्यात सोयीचं. दुसऱ्या वर्षापर्यंत वरच्या कोर्सला लागणारा पाया झालेला नसतो. चौथ्या वर्षी जुलै-ऑगस्टपासून कॅम्पस प्लेसमेंट सुरू होतं. तेव्हा तुम्ही हजारो मैलांवर असाल तर कंपनी तुमच्यासाठी थांबत नाही.

आता कॅलेंडर. बहुतेक अमेरिकन विद्यापीठं सेमिस्टरवर चालतात: फॉल म्हणजे ऑगस्टच्या शेवटापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत, स्प्रिंग म्हणजे जानेवारीच्या मध्यापासून मेच्या सुरुवातीपर्यंत. आपल्याकडच्या जून-जुलै ते मे या वर्षाशी हे बऱ्यापैकी जुळतं. पण काही विद्यापीठं क्वार्टर पद्धतीची आहेत. स्टॅनफर्ड, यूसीएलए, सिअॅटलचं युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन ही त्यातली. तिथे वर्ष सप्टेंबरच्या शेवटी सुरू होतं आणि जूनच्या मध्यापर्यंत लांबतं. म्हणजे इकडे चौथं वर्ष आणि प्लेसमेंटची तयारी उंबरठ्यावर आलेली आणि तुम्ही तिकडे शेवटचा पेपर लिहिताय. गंमत अशी की एकाच कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या छत्राखाली यूसीएलए क्वार्टरवर आणि बर्कली सेमिस्टरवर चालतं, त्यामुळे राज्य एक म्हणून कॅलेंडर एक असं धरून चालू नका. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर "अकॅडमिक कॅलेंडर" शोधा आणि पुढच्या वर्षाच्या तारखा आपल्या कॉलेजच्या तारखांशेजारी लिहून काढा. दहा मिनिटांचं काम आहे, पण यादीतली एक-दोन नावं इथेच गळतात.

तिसरं, आणि सगळ्यात अवघड: क्रेडिटचा हिशेब

इथे सगळ्यात जास्त मुलं अडकतात, म्हणून थोडं सावकाश.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात एका सत्राला साधारण २० ते २२ क्रेडिट्स असतात. अमेरिकेत पूर्ण वेळ विद्यार्थ्याचा नेहमीचा भार एका सेमिस्टरला १५ क्रेडिट्स, आणि व्हिसाच्या दृष्टीने पदवीपूर्व विद्यार्थ्याला किमान १२ लागतात. म्हणजे २२ धरली तर इथे वर्षाला ४४ हवीत, तिकडून मिळणार ३०. चौदा क्रेडिट्सचा खड्डा. परवानगी काढून १८-१८ घेतली तरी आठ कमी पडतात, आणि पहिल्याच सत्रात १८ घेऊ नका हे मी हात जोडून सांगते. आपल्याकडे सहा-सात विषय ओढायची सवय असते म्हणून पाच कोर्स किरकोळ वाटतात. तिकडे प्रत्येक कोर्सला दर आठवड्याला गृहपाठ, वाचन, छोट्या चाचण्या. पाचव्या-सहाव्या आठवड्यात पहिली मिडटर्म (सत्राच्या मधली परीक्षा) येऊन आदळते. परीक्षेच्या आधी महिनाभर बसून निभावून नेणं तिथे जमत नाही.

हा खड्डा भरायचे मार्ग आहेत, पण ते जायच्या आधी ठरवायचे. काही कॉलेजं तिकडच्या पूर्ण वर्षाला इथलं पूर्ण वर्ष समजतात. तसा लेखी नियम असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर उरलेली क्रेडिट्स आधीच्या किंवा नंतरच्या सत्रात जास्तीचे विषय घेऊन किंवा स्वयम-एनपीटीईएलचे सरकारी ऑनलाइन कोर्स करून भरता येतात. एनपीटीईएलमध्ये मात्र मेख आहे: व्हिडिओ कुठूनही बघता येतात, परीक्षा भारतातल्या केंद्रावर प्रत्यक्ष बसून द्यावी लागते. तिकडे बसून तो कोर्स पुरा करू या भ्रमात राहू नका.

क्वार्टरवाल्या विद्यापीठात आणखी एक फसगत. तिथला चार युनिटचा कोर्स आपल्या तीन क्रेडिटच्या कोर्सपेक्षा मोठा दिसतो. खरं तर क्वार्टर युनिटला दीडने भागायचं. चार युनिट म्हणजे सेमिस्टरची जेमतेम २.६७ क्रेडिट्स. आमच्याकडच्या एका मुलाने चार युनिटचे कोर्स चार क्रेडिटच्या विषयांपुढे लिहून आणले होते. एचओडींनी (विभागप्रमुखांनी) सहीही केली. परीक्षा विभागातल्या बाईंनी ते पकडलं, आणि ते जायच्या आधी पकडलं गेलं हे त्याचं नशीब.

तर काम असं करा. एका कागदावर डाव्या बाजूला तुमच्या तिसऱ्या वर्षाचे सगळे विषय लिहा, क्रेडिट्ससकट. प्रत्येकापुढे तीनपैकी एक खूण: हा तिकडे करायचाच, हा बदली विषयाने चालेल, हा इथेच करावा लागेल. तिसऱ्या खुणेत सहसा विद्यापीठाचे सक्तीचे आणि स्थानिक स्वरूपाचे विषय येतात. भारतीय ज्ञानप्रणालीचा पेपर आयोवात मिळणार नाही. हा कागद घेऊन एचओडींकडे जा, मग परीक्षा विभागाकडे, मग प्राचार्यांकडे. तिघांच्या सह्या आणि तारीख. तोंडी "हो हो, होऊन जाईल" हे उत्तर समजू नका. म्हणणारे सर पुढच्या वर्षी त्या खुर्चीत असतीलच असं नाही.

चौथं: कोर्सचं पान वाचायला शिका

आता उजवी बाजू भरायची. इथे विद्यापीठाची माहितीपत्रकं बाजूला ठेवा आणि थेट वेळापत्रक उघडा. जवळजवळ प्रत्येक विद्यापीठाचं सत्रनिहाय वेळापत्रक कुणालाही लॉग-इनशिवाय बघता येतं. विद्यापीठाचं नाव आणि "क्लास शेड्यूल" किंवा "कोर्स सर्च" असं शोधा.

उदाहरण म्हणून इलिनॉय विद्यापीठाचा अर्बाना-शँपेन कॅम्पस घेऊ. त्यांच्या या पानाला कोर्स एक्सप्लोरर म्हणतात. समजा तुम्ही कॉम्प्युटरवाले आहात आणि तुम्हाला अल्गोरिदम हवंय. तुम्हाला सीएस ३७४ सापडेल. खाली बारीक अक्षरांत पूर्वअट: इतर गोष्टींबरोबर सीएस २२५ झालेलं हवं. सीएस २२५ म्हणजे डेटा स्ट्रक्चर्स. तुमचं दुसऱ्या वर्षात झालंय, छान. पण ते झालंय हे पटवायला त्या विषयाचा तपशीलवार अभ्यासक्रम इंग्रजीत लागणार, युनिटनिहाय, पुस्तकांच्या नावांसकट. नुसत्या मार्कशीटवरच्या एका ओळीने भागत नाही. पूर्वअटीच्या खाली आणखी एक ओळ बघा: हा वर्ग कोणासाठी राखीव आहे का. मोठ्या विद्यापीठांत संगणकशास्त्राचे आणि बिझनेस स्कूलचे कितीतरी वर्ग आधी त्या विभागाच्या मुलांसाठी राखीव असतात. बाहेरच्यांना उरलेल्या जागा, त्याही नोंदणी सुरू झाल्यावर काही दिवसांनी. एक्सचेंजच्या विद्यार्थ्याचा नंबर बहुतेक वेळा त्याहून मागे. क्रमवारीत पहिल्या दहात असलेल्या विभागात जाऊन त्या विभागाचा एकही कोर्स न मिळालेली मुलगी मी बघितली आहे. तिने त्या वर्षात भाषाशास्त्र आणि भूगोल घेतला, आनंदाने घेतला, पण चौथ्या वर्षी तीन विषयांचं ओझं डोक्यावर घेऊन बसली.

म्हणून प्रत्येक हव्या असलेल्या कोर्ससाठी चार गोष्टी लिहा: पूर्वअट काय, राखीव आहे का, कोणत्या सत्रात असतो, आणि गेल्या वर्षी किती जागा भरल्या होत्या. तिसरी गोष्ट सगळे विसरतात. "फक्त फॉलमध्ये" असणारा कोर्स तुम्ही स्प्रिंगच्या रकान्यात टाकलात तर तो मृगजळ. मागच्या दोन वर्षांची वेळापत्रकं उघडून बघा, लगेच कळतं.

कोर्सच्या क्रमांकावरूनही पातळी समजते. साधारणपणे १०० चे कोर्स पहिल्या वर्षाचे, ३००-४०० चे वरच्या वर्षांचे, त्यापुढे पदव्युत्तर. आपली मुलं दडपणाखाली १०० चे कोर्स घेतात, मग इथला परीक्षा विभाग म्हणतो की तिसऱ्या वर्षाला पहिल्या वर्षाचा विषय कसा चालेल. उलट ४०० च्या तीन प्रयोगशाळा एकदम घेणारेही असतात. त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

हव्या असलेल्या प्रत्येक कोर्सला दोन पर्याय धरा. पाच कोर्स हवेत तर पंधरा नावं. जिथे पंधरा भरतात ते विद्यापीठ यादीत राहतं, जिथे सातावर गाडी अडते ते जातं.

आणि एक जागा रिकामी ठेवा. १९१३ साली बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते अर्थशास्त्र शिकायला, सेलिग्मन यांच्या हाताखाली. पण त्यांनी तिथे इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञानही घेतलं, तत्त्वज्ञ जॉन ड्युईंच्या वर्गात बसले. आणि भारतातल्या जातींवरचा त्यांचा गाजलेला निबंध त्यांनी १९१६ च्या मे महिन्यात वाचला तो मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये. पंधरा-वीस जणांनी टेबलाभोवती बसून एकाच्या कागदावर वाद घालायचा, ही सेमिनारची पद्धत आपल्याकडे पदवीच्या पातळीवर क्वचित मिळते. तुम्ही इंजिनिअर असलात तरी असा एक वर्ग घ्या. तो क्रेडिटमध्ये धरला गेला नाही तरी चालेल.

क्रमवारीचं काय करायचं

पूर्ण दुर्लक्ष करा असं म्हणत नाही, पण तिचं वजन किती ते एका गोष्टीवरून बघा. याच कोलंबियाला यूएस न्यूज या प्रकाशनाच्या विद्यापीठ-क्रमवारीत दुसरं स्थान होतं. २०२२ च्या सुरुवातीला तिथल्याच गणिताच्या प्राध्यापकाने, मायकेल थॅडियस यांनी, विद्यापीठाने दिलेले आकडे तपासून ते चुकीचे असल्याचं दाखवून दिलं. सप्टेंबरात विद्यापीठाने काही आकडे चुकल्याचं मान्य केलं आणि त्याच महिन्यात आलेल्या नव्या यादीत ते अठराव्या क्रमांकावर गेलं. वर्ग तेच, शिक्षक तेच, ग्रंथालय तेच.

क्रमांकापेक्षा मान्यता आधी तपासा. विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे का हे अमेरिकी शिक्षण खात्याच्या आणि सीएचईए या संस्थेच्या यादीत मोफत बघता येतं. अभियांत्रिकीसाठी त्या विशिष्ट शाखेला एबीईटी या अभियांत्रिकी अभ्यासक्रम तपासणाऱ्या संस्थेची मान्यता आहे का तेही बघा. सरकारी "कॉलेज नॅव्हिगेटर"वर विद्यार्थिसंख्या, शिक्षकांचं प्रमाण, खर्च हे सगळं एका पानावर मिळतं. सुरक्षिततेसाठी घरचे विचारतातच. त्यांना क्लेरी अहवाल दाखवा. १९९० च्या क्लेरी कायद्यामुळे केंद्र सरकारची विद्यार्थी-मदत घेणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाला कॅम्पसवरच्या गुन्ह्यांची तीन वर्षांची आकडेवारी दर वर्षी १ ऑक्टोबरपर्यंत जाहीर करावी लागते. आकडा वाचताना एक भान ठेवा, पन्नास हजार विद्यार्थ्यांच्या आणि दोन हजारांच्या कॅम्पसची सरळ तुलना करू नका.

गाव कसलं आहे

आपल्या डोक्यात अमेरिका म्हणजे न्यूयॉर्क नाहीतर कॅलिफोर्निया. खरी विद्यापीठं मात्र मक्याच्या शेतांच्या मधोमध पसरलेली असतात. अर्बाना-शँपेनहून शिकागो सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. आयोवातलं ग्रिनेल कॉलेज तर जेमतेम १,७०० मुलांचं, गावही तसंच छोटं. अशा छोट्या लिबरल आर्ट्‌स कॉलेजांना आपल्याकडे कुणी ओळखत नाही, पण वर्षभरासाठी गेलेल्या मुलाला तिथे जे मिळतं ते मोठ्या ठिकाणी भाग्यानेच मिळतं. प्राध्यापक तुम्हाला नावाने ओळखतात, ऑफिस अवर्समध्ये (प्राध्यापकांना भेटायच्या ठरलेल्या वेळेत) दाराबाहेर रांग नसते, प्रयोगशाळेत पदव्युत्तर विद्यार्थी नसल्यामुळे खरं काम तुमच्या हातात येतं. कोर्सची निवड मात्र मर्यादित. माझं मत विचाराल तर मानव्यविद्या, मूलभूत विज्ञान आणि अर्थशास्त्रवाल्यांनी छोटं कॉलेज घ्यावं, अभियांत्रिकीवाल्यांनी मोठं सरकारी. न्यूयॉर्क-बॉस्टन त्यांनीच, ज्यांचा विषयच तिथल्या रस्त्यावर आहे किंवा ज्यांच्या खिशाला भोक नाही.

थंडीला कमी लेखू नका. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये वैद्यकी शिकायला फिलाडेल्फियाला गेल्या. तिथली थंडी आणि परका आहार त्यांच्या प्रकृतीला फार जड गेला. आज हीटर आहेत, जाड जॅकेट आहेत, मिनियापोलिसमध्ये तर इमारतींमधून जाणारे गोफर वे नावाचे बंदिस्त रस्ते आहेत. पण उणे वीस अंशात संध्याकाळी साडेचारला अंधार पडतो तेव्हा खोलीतून बाहेर पडायची इच्छा मरते, आणि हे दोन महिने चालतं. ज्याला पुण्याच्या डिसेंबरातही दोन स्वेटर लागतात त्याने याचा विचार आधी करावा.

गावाची परीक्षा घ्यायची साधी युक्ती: नकाशावर वसतिगृहाचा पत्ता टाका आणि जवळचं किराणा दुकान शोधा. चालत किती मिनिटं? बस आहे का? रविवारी असते का? रस्त्याला फुटपाथ आहे का, हे स्ट्रीट व्ह्यूत दिसतं. गाडी नसलेल्या माणसाला अमेरिका कशी वागवते, ते या एका शोधात कळतं. अर्बाना-शँपेनसारख्या ठिकाणी विद्यार्थ्याच्या ओळखपत्रावर शहरबस चालते; अशी सोय असलेलं गाव दहा रँक वर धरा.

राहणं: डिसेंबरात कुठे जाणार?

हा प्रश्न मी शीर्षकातच ठेवला, कारण तो जायच्या आधी कुणालाच पडत नाही. अनेक विद्यापीठांत फॉल संपला की वसतिगृहं तीन-चार आठवडे बंद होतात. किल्लीचं कार्ड चालत नाही. अमेरिकन मुलं घरी जातात. तुम्ही कुठे जाणार? काही ठिकाणी एखादी इमारत सुट्टीतही चालू ठेवतात, पण तिचा अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरातच भरावा लागतो, आणि जेवणाचा हॉल तेव्हाही बंदच. म्हणून निवासाच्या पानावर "ब्रेक हाउसिंग" हे शब्द शोधा. सापडले नाहीत तर ईमेल करून विचारा.

बाहेर खोली घ्यायची तर भाडेकरार सहसा बारा महिन्यांचा असतो, तुमचं वर्ष नऊ महिन्यांचं. उरलेल्या उन्हाळ्यासाठी खोली दुसऱ्याला पोटभाड्याने द्यावी लागते, आणि उन्हाळ्यात विद्यापीठाच्या गावात खोल्या रिकाम्या पडलेल्या असल्यामुळे निम्म्या भाड्यातही घेणारं सापडत नाही. त्यामुळे वसतिगृहच घ्या.

जेवणाचा प्लॅन बहुतेक वसतिगृहांत सक्तीचा असतो. शाकाहारी पर्याय आता सगळीकडे दिसतात. तरी त्या आठवड्याचा मेनू संकेतस्थळावर असतो, तो सलग सात दिवस बघा. रोज तेच सॅलड आणि चीज पिझ्झा असेल तर खोलीच्या मजल्यावर सामायिक स्वयंपाकघर आहे का ते विचारा. कुकर नेणार असाल तर लक्षात घ्या, तिकडचा वीजदाब १२० व्होल्ट. इथला इलेक्ट्रिक कुकर तिथे नीट चालत नाही. साधा शिट्टीचा चालतो, शेजारी दचकतात एवढंच.

मराठी माणसं हवीत तर बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली अमेरिकेत ठिकठिकाणी महाराष्ट्र मंडळं आहेत. गणपतीला कुणी ना कुणी गाडीतून न्यायला येतंच. पण मंडळ जवळ आहे म्हणून विद्यापीठ निवडू नका.

पैसे आणि विमा

ट्युशन माफ असली तरी राहणं, खाणं, विमा आणि विद्यापीठाचे किरकोळ शुल्क तुमच्याच खिशातून जातं. वर्षाला साधारण १५ ते २५ हजार डॉलर धरा. न्यूयॉर्क, बॉस्टन, सॅन फ्रान्सिस्को परिसरात त्याहून वर. परदेशी पैसे पाठवताना आर्थिक वर्षात १० लाख रुपयांवरच्या रकमेवर बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पैसे गेले तर तो लागत नाही. कापलेला टीसीएस विवरणपत्र भरल्यावर वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. दोन हप्ते एक मार्च संपायच्या आत आणि दुसरा एप्रिल लागल्यावर असे विभागले तर मर्यादा दोनदा मिळते.

जे-१ (एक्सचेंजच्या) व्हिसावर जाणाऱ्याला आरोग्य विमा कायद्यानेच लागतो: प्रत्येक आजार किंवा अपघातामागे किमान एक लाख डॉलरचं संरक्षण, आणि स्वतः भरायची रक्कम ५०० डॉलरपेक्षा जास्त नको. विद्यापीठाचा स्वतःचा विमा महाग वाटतो म्हणून इथून स्वस्त पॉलिसी घेऊन जाणारे असतात. आधी विद्यापीठ ती स्वीकारतं का ते लेखी विचारा. नाहीतर दोन्हींचे पैसे जातात. लसीकरणाची जुनी पुस्तिका आत्ताच शोधायला आईला सांगा. गोवर-गालगुंड-रुबेलाचे दोन डोस बहुतेक सगळीकडे मागतात. क्षयाची चाचणीही मागतात, आणि आपल्याला लहानपणी बीसीजी दिलेली असल्यामुळे त्वचेवरची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते. रक्तावरची चाचणी करून घ्या.

अर्ज आणि व्हिसा

फॉलला जायचं तर कॉलेजकडून नामांकन साधारण फेब्रुवारी-मार्चपर्यंत व्हावं लागतं. म्हणजे वरचं सगळं काम त्याआधीच्या जून ते डिसेंबरमधलं. स्प्रिंगसाठी नामांकन सप्टेंबर-ऑक्टोबरात.

एक्सचेंजचा विद्यार्थी सहसा जे-१ व्हिसावर जातो. विद्यापीठ त्यासाठी डीएस-२०१९ हे पात्रतापत्र पाठवतं, त्यावर २२० डॉलर सेविस (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदीचं) शुल्क. स्वखर्चाने, कराराविना जाणाऱ्याला सहसा एफ-१ लागतो. त्याचं पात्रतापत्र आय-२०, आणि सेविस शुल्क ३५० डॉलर. कारण जे-१ च्या विद्यार्थ्याला करार किंवा घराबाहेरचा भरीव निधी असावा लागतो, फक्त वडिलांच्या बँक खात्यावर तो मिळत नाही. दोन्हींत डीएस-१६० हा अर्ज, १८५ डॉलर व्हिसा शुल्क आणि महाराष्ट्र-गोव्याच्या मुलांसाठी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात मुलाखत. जून २०२५ पासून विद्यार्थी अर्जदारांना समाजमाध्यमांवरची खाती सार्वजनिक ठेवायला सांगितलं जातं.

खिडकीपलीकडचा अधिकारी दोन-तीन मिनिटांत ठरवतो, आणि त्याचा आवडता प्रश्न हाच: हेच विद्यापीठ का? क्रमांक सांगणारी मुलं रांगेत पन्नास असतात. तुम्ही ज्या दोन कोर्सची पूर्वअट, सत्र आणि जागा तपासल्या आहेत त्यांची नावं सांगा, आणि परत आल्यावर ते कोणत्या विषयाऐवजी धरले जाणार ते सांगा. सह्यांचा कागद फाइलमध्ये वरच ठेवा.

जे-१ चा एक फायदा फार कमी जणांना माहीत असतो: अकॅडमिक ट्रेनिंग. शिक्षण संपल्यावर विषयाशी संबंधित कामाची परवानगी मिळू शकते, जितका काळ शिकलात तितक्यापर्यंतच. मेमध्ये संपून जुलैपर्यंत इंटर्नशिप करायची असेल तर यादीतल्या विद्यापीठांना आत्ताच विचारा की ते एक्सचेंजच्या मुलांना ही परवानगी देतात का. सगळी देत नाहीत. दोन विद्यापीठं शेवटपर्यंत बरोबरीत राहिली तर मी या उत्तरावर कौल देते.

परतायच्या आधीचा आठवडा

प्रत्येक कोर्सचा सिलॅबस आणि गृहपाठाची दोन-तीन उदाहरणं डाउनलोड करून ठेवा. विद्यार्थी खातं बंद झालं की ती पुन्हा सापडत नाहीत, आणि इथला परीक्षा विभाग नेमकी तीच मागतो. ट्रान्स्क्रिप्टची मागणी निघायच्या आधी नोंदवा, "ग्रेड लागल्यावर पाठवा" हा पर्याय निवडून. मग खात्यावर बाकी काही आहे का ते बघा. आमच्या एका मुलाच्या नावावर ग्रंथालयाचे सव्वीस डॉलर राहिले होते. ट्रान्स्क्रिप्ट अडलं, इथे निकाल राखीव दाखवू लागला, प्लेसमेंटच्या पहिल्या दोन कंपन्या त्याला बसू देईनात. इथल्या कार्डावरून तिकडचे सव्वीस डॉलर भरायला त्याला अकरा दिवस लागले, कारण पैसे भरायच्या पानावर शिरायला ओटीपी हवा होता आणि तो जात होता त्याच्या अमेरिकन सिमकार्डावर, जे त्याने विमानतळावर रूममेटला देऊन टाकलं होतं.